पाळत, पोलिसांचे अधिकार आणि आपला खाजगीपणा

(आपल्या प्रार्थनालयाच्या सभागृहात ज्येष्ठांच्या सायंकालीन मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन. वक्त्या निवृत्त परिचारिका आहेत.)



आपल्या प्रार्थनालयाच्या आवारात दोन कॅमेरे बसविण्याचा विचार समितीने चालविला आहे, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. एक दर्शनी दरवाजावर आणि दुसरा मागच्या बाजूस, स्वयंपाकघराच्या पडवीवर. त्यावरून थोडी बोलाचाली झाली, दोन-तीन जण रागावलेही, आणि तेव्हा चिटणीस मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही उभा जन्म रुग्णालयात घालविला. लोकांची गुपिते सांभाळणे हाच तुमचा धंदा होता. तुम्हीच या विषयावर चार शब्द बोला." मी वकील नाही आणि संगणकशास्त्रातही मला गती नाही. परंतु रुग्णाने कानात सांगितलेली गोष्ट कोणाला सांगावी आणि कोणाला सांगू नये, या प्रश्नाशी माझा अडतीस वर्षांचा परिचय आहे. तेवढ्याच अधिकाराने मी बोलणार आहे. कॅमेऱ्याकडे मी शेवटी येईन. त्याआधी आपणां सर्वांच्या खिशात जे यंत्र आहे, त्याविषयी बोलू.

२०२० सालचा जुलै महिना आठवा. पहिली लाट ओसरून दुसरी आलेली होती. त्या महिन्यातल्या एका सकाळी माझ्या फोनवर संदेश आला की, अमुक तारखेस आपण एका कोरोनाबाधित व्यक्तीच्या सान्निध्यात होता, तरी आपण चौदा दिवस बिदूदमध्ये राहावे. तारीख मंगळवारची होती. त्या मंगळवारी मी घराबाहेर पाऊल टाकलेले नव्हते. संध्याकाळी बाल्कनीत बसले होते, एवढेच. ती बाधित व्यक्ती खालच्या मजल्यावर होती, की रस्त्यावर मोटारीत बसलेली होती, की भिंतीपलीकडच्या घरात होती, हे मला आजतागायत कळलेले नाही. तो संदेश चुकीचा होता, असेही मी ठामपणे म्हणत नाही. चूक की बरोबर हे जाणून घेण्याचा मार्गच माझ्यापाशी नव्हता, आणि मला सलले ते नेमके हेच.

संदेश आला त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या थोरल्या जाऊबाई वारल्या. या देशात आल्यावर पहिली दोन वर्षे ज्यांच्या घरात मी राहिले, ज्यांनी मला इथल्या भाजीबाजारात हिब्रू बोलायला शिकविले, त्या. दफनाला मी जाऊ शकले नाही. निदान सात दिवसांच्या शोकात एक दिवस तरी जाऊन बसावे, म्हणून मी मदतवाहिनीवर फोन करीत राहिले. अकराव्या खेपेस एक तरुण मुलगी बोलली. अतिशय सौजन्याने बोलली, तिला मी दोष देत नाही. ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही घरीच होता, याची खात्री देणारे कोणी आहे का? त्यांचे नाव आणि फोन नंबर द्या, म्हणजे तुमचा अर्ज पुढे पाठविते."

खात्री देणारी व्यक्ती होती. त्या संध्याकाळी आमच्या वस्तीतली एक मुलगी माझ्याकडे आली होती. तोंडाला मास्क लावून, बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला दीड तास बसून ती माझ्याशी बोलली. ती का आली होती हे तिच्या घरी कोणाला माहीत नव्हते आणि माहीत होऊन चालण्यासारखेही नव्हते. ती कोण, आणि काय बोलली, हे मी तेव्हा सांगितले नाही आणि आजही सांगणार नाही. मी त्या टेलिफोनवरच्या मुलीला एवढेच म्हटले, "मी घरी एकटीच होते." आणि चौदा दिवस घरात बसले.

आता यातली गंमत पाहा. माझ्याविषयीची एक माहिती यंत्राने माझ्या नकळत घेतली. ती खोडून काढायची तर मला स्वतःच्या हाताने त्याहून मोठी माहिती द्यावी लागणार होती, तीही दुसऱ्याच्या मालकीची. लोक सहज म्हणतात, "ज्याने काही वावगे केले नाही, त्याला लपवायचे काय?" त्यांना मी ही गोष्ट सांगते. वावगे ना तिने केले होते, ना मी.

हे यंत्र चालते कसे, ते थोडक्यात सांगते. मोबाइल फोन चालू असला की तो सतत जवळच्या मनोऱ्याशी संपर्क ठेवून असतो. आपण बोलत नसलो, तरीही. कोणता फोन किती वाजता कोणत्या मनोऱ्याच्या कक्षेत होता, याची नोंद कंपनीकडे होते. फोन कोणी कोणाला केला, किती वेळ बोलणे चालले, याचीही होते. बोललेले शब्द या नोंदीत नसतात. त्यामुळे पुष्कळांना वाटते की, मग त्यात काय मोठेसे? परंतु एखादी बाई दर गुरुवारी दोन तास कर्करोगाच्या दवाखान्यापाशी असते, एवढे कळले की तिच्या तोंडचा एकही शब्द ऐकावा लागत नाही. आम्ही परिचारिका खाटेला लटकविलेल्या तक्त्यावरून रुग्णाची रात्र कशी गेली ते ओळखीत असू. ही नोंद म्हणजे निरोगी माणसाच्या आयुष्याचा तसाच तक्ता होय.

आपल्या देशात २००२ साली शाबाकचा, म्हणजे अंतर्गत सुरक्षा सेवेचा, कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमान्वये दूरसंचार कंपन्यांकडून कोणत्या प्रकारची माहिती या सेवेला हवी, हे पंतप्रधान ठरवू शकतात. त्याचे नियम गुप्त असतात. या साधनाचा हेतू घातपात टाळणे हा होता, आणि त्याविषयी या सभागृहात कोणाची तक्रार असेल असे मला वाटत नाही. माझी तर नाहीच. ज्या देशात बसथांब्यावर उभे राहताना एके काळी मनात धाकधूक असे, त्या देशात या लोकांनी किती प्राण वाचविले असतील, याचा हिशेब आपल्याला कधी मिळणारही नाही.

पण मार्च २०२० मध्ये काय झाले? शत्रूसाठी बांधलेले तेच साधन नागरिकांकडे, तेही आजारी नागरिकांकडे, वळविण्याचे ठरले. क्नेसेतच्या उपसमितीत त्यावर पुरती चर्चा व्हायची होती. तिची वाट न पाहता १७ मार्चच्या पहाटे सरकारने आणीबाणीचे नियम संमत केले. बाधित व्यक्ती मागील चौदा दिवसांत कोठे कोठे गेली आणि तिच्या निकट कोण कोण आले, हे शाबाकने शोधून आरोग्य मंत्रालयाला कळवावे, अशी ती व्यवस्था होती. त्याच वेळी पोलिसांनाही एक वेगळा अधिकार मिळाला. बिदूदमध्ये असलेला माणूस खरोखर घरी आहे की नाही, हे त्याच्या फोनच्या ठिकाणावरून तपासण्याचा. म्हणजे एका हाताने शोधायचे आणि दुसऱ्या हाताने धरायचे.

आम्हा वैद्यकीय लोकांना या दोन गोष्टींतला भेद फार महत्त्वाचा वाटतो. आरोग्यखाते जेव्हा विचारते, "आपण कोणाला भेटलात?" तेव्हा माणूस उत्तर देतो, कारण उत्तर दिल्याने त्याचे बरे होणार असते. तोच प्रश्न पोलीस विचारू लागला, की माणूस प्रथम विचार करतो, "हे सांगितल्याने माझे काय होईल?" तुरुंग आणि दवाखाना यांचे दार एकच झाले, तर दवाखान्यात कोणी यायचे नाही. हा पोलिसांचा अधिकार क्नेसेतच्या परराष्ट्र व संरक्षण समितीत अडला आणि एप्रिलमध्ये तो थांबला, हे चांगले झाले.

शाबाकच्या पाळतीविरुद्ध काही वकील, नागरी हक्कांच्या संस्था आणि पत्रकारांची संघटना उच्च न्यायालयात, म्हणजे आपण ज्याला बागात्स म्हणतो तेथे, गेल्या. २६ एप्रिल २०२० रोजी सरन्यायाधीश एस्तेर हायुत यांच्या पीठाने निर्णय दिला. साध्या शब्दांत सांगायचे तर असा: संकट नवे होते तेव्हा तातडीने केलेले एक वेळ चालेल, पण नागरिकांवर अशी पाळत पुढे ठेवायची असेल, तर क्नेसेतमध्ये उघडपणे कायदा करा, नुसत्या सरकारी ठरावावर हे चालणार नाही. पत्रकारांच्या बाबतीत न्यायालयाने अधिक काळजी घ्यायला सांगितले, कारण पत्रकाराला कोण भेटले हे उघड झाले तर त्याला पुन्हा कोणी काही सांगणार नाही. मला यात आमच्याच धंद्याचे तत्त्व दिसले. कायदा जुलैमध्ये झाला. पुढे १ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने बहुमताने या वापराला आणखी मर्यादा घातली. जो रुग्ण चौकशीला सहकार्य करीत नाही, त्याच्यापुरतीच ही पाळत ठेवावी, सरसकट नको, असे ठरले. त्याच वर्षाच्या अखेरीस ओमिक्रॉन आला, तेव्हा सरकारने हे साधन थोडे दिवस पुन्हा बाहेर काढले आणि लगेच ठेवून दिले. एकदा कपाटात आले की हत्यार हाताशी असते, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

या पाळतीचा उपयोग किती झाला, यावर शासकीय लेखापालांनीही लिहिले. यंत्राने बिदूदमध्ये बसविलेल्या लोकांपैकी पुढे खरोखर आजारी निघालेल्यांचे प्रमाण, माणसांनी विचारपूस करून शोधलेल्यांच्या मानाने कितीतरी कमी होते. मला याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. मनोऱ्याला भिंत दिसत नाही. मजला कळत नाही. दोघांच्या मध्ये बंद खिडकी होती की दोघे एका ताटात जेवले, हे त्याला ठाऊक नसते. त्याच सुमारास आरोग्य मंत्रालयाने 'हामागेन' नावाचे ॲप काढले होते. त्यात ठिकाणांची नोंद आपल्याच फोनमध्ये राही आणि ती कळवायची की नाही हे आपण ठरवायचे. ते फारसे चालले नाही. पुरेशा लोकांनी ते घेतले नाही, हे एक कारण, पण मला वाटते दुसरेही होते. शाबाक न विचारता घेतच आहे, तर आपण होऊन कशाला द्यावे, असे लोकांना वाटले असले तर नवल नाही.

येथे मला मुंबईची एक आठवण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पदविका घेऊन मी नुकतीच कामाला लागले होते, १९७२ च्या सुमारास. क्षयरोगाच्या वॉर्डात एक गिरणीकामगार आला. थुंकीत जंतू सापडलेले. तो कोठे राहतो, कोणाबरोबर झोपतो, हे कळणे आवश्यक होते. पण पत्ता विचारला की तो भिंतीकडे तोंड फिरवी. आमच्या मोठ्या सिस्टर, कोकणातल्या एक ख्रिस्ती बाई, तीन दिवस ड्यूटी संपल्यावर त्याच्या खाटेशी बसत. गावाकडचे विचारीत, पाऊस किती झाला विचारीत. चौथ्या दिवशी तो आपण होऊन बोलला. लालबागला चाळीतल्या एका खोलीत ते बारा जण पाळीपाळीने झोपत. रोगाचे नाव कळले तर गाववाले खोलीतून काढतील आणि काम जाईल, ही त्याची भीती होती. सिस्टरांनी त्याला शब्द दिला की, त्याचे नाव न घेता खोलीतल्या सर्वांची तपासणी होईल, आणि तो शब्द त्यांनी पाळला. आणखी दोघे खोकणारे निघाले. त्या दोघांना औषध मिळाले आणि पहिल्याची खोलीही सुटली नाही. त्याच्या मागे पोलीस लावला असता तर पत्ता एका दिवसात मिळाला असता, पण खोली रिकामी सापडली असती.

हे मी तर्काने बोलत नाही. आपल्या वाडवडिलांच्या मुलुखात हे घडलेले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा केला, आणि त्याच कायद्याचा आधार भारतात २०२० मध्येही घेतला गेला, हे विशेष. पुण्यात रँड नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. माजघर पाहिले नाही, देवघर पाहिले नाही. हेतू रोगी शोधण्याचा होता, आणि हेतू वाईट नव्हता असेही म्हणता येईल. परिणाम असा झाला की लोक आजारी माणसाला माळ्यावर लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ते आपण शाळेत शिकलो. त्याच वर्षी, त्याच मुंबईत, आपल्याच धर्माचा एक शास्त्रज्ञ, वाल्डेमार हाफकिन, प्लेगची लस तयार करीत होता. जानेवारीत त्याने ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली आणि मग लोकांपुढे गेला. एकाच साथीशी झगडण्याच्या या दोन तऱ्हा. परळला ज्या संस्थेला आज त्याचे नाव आहे, तिच्यावरून आपल्यापैकी कितीतरी जण रोज गेले असतील.

आता पोलिसांकडे येऊ. साथ गेली, पण फोन खिशातच आहे. २००७ च्या कायद्याने पोलिसांना दूरसंचाराच्या नोंदी मागता येतात. सामान्यतः त्यासाठी न्यायालयाचा हुकूम लागतो. परंतु जीव वाचविण्यासारखी तातडी असेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने थोड्या काळापुरती माहिती मिळते. या सवलतीला मी विरोध करणार नाही. आपल्याच जमातीतले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना आता घरचा रस्ता आठवत नाही, दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात रात्री निघून गेले होते. पोलिसांनी त्यांच्या फोनवरून ठिकाण काढले आणि पहाटे ते एका बांधकामाच्या आडोशाला जिवंत सापडले. त्यांच्या पत्नी आज येथे बसल्या आहेत आणि त्यांनीच मला हे सांगण्याची अनुमती दिली आहे. तेव्हा 'सर्व पाळत वाईट' असे म्हणणाऱ्यांतली मी नव्हे.

बोलणे चोरून ऐकण्यासाठी मात्र १९७९ चा कायदा आहे आणि त्याची अट कडक आहे. गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिसांना जिल्हा न्यायालयाच्या अध्यक्षांकडे किंवा उपाध्यक्षांकडे जावे लागते. हा कायदा झाला तेव्हा टेलिफोन भिंतीला तारेने बांधलेला होता. ऐकायचे म्हणजे तारेवर कान लावायचा. आज फोनमध्ये शिरणारी प्रणाली नुसते बोलणे ऐकत नाही. नातवंडांची छायाचित्रे, जुनी पत्रे, डॉक्टरांच्या भेटींच्या तारखा, सारे तिच्या हाती लागू शकते. जानेवारी २०२२ मध्ये एका वृत्तपत्राने पोलिसांवर अशा हेरप्रणालीच्या वापराचे गंभीर आरोप केले. त्यांची चौकशी उपमहान्यायवादी अमित मरारी यांच्या समितीने केली आणि ऑगस्टमध्ये अहवाल दिला. न्यायालयाच्या हुकुमाशिवाय पोलीस लोकांच्या फोनमध्ये शिरल्याचा पुरावा समितीला आढळला नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण हुकूम जितक्या माहितीचा होता त्याहून अधिक माहिती प्रणालीने ओढून आणली, असेही तिने नोंदविले. शस्त्रक्रियेची संमती अपेंडिक्सची घेतली आणि पोट उघडल्यावर इतर अवयवही चाचपून पाहिले, तर त्याला आम्ही काय म्हणतो, ते आपण जाणता.

रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांची कथा वेगळी. 'एन हानेत्स', म्हणजे ससाण्याचा डोळा, ही पोलिसांची प्रणाली मोटारींच्या नंबरपट्ट्या वाचते आणि कोणती गाडी केव्हा कोठून गेली हे साठविते. अनेक वर्षे ती स्पष्ट कायद्याविना चालली. नागरी हक्कांच्या संस्थेने न्यायालयात दाद मागितली आणि अखेर २०२४ साली क्नेसेतने तिच्यासाठी कायदा केला. आधी यंत्र आणि मागाहून कायदा, हा क्रम मला खटकतो. रुग्णालयात औषध आधी टोचून परवानगी मागाहून घेतली, तर परिचारिकेची नोकरी जाते.

माझा नातू सैन्यात अशाच तांत्रिक कामावर होता. तो मला म्हणाला, "सावता, माणसे हे पाहत बसत नाहीत गं. यंत्र पाहते. तुझ्यात कोणाला काय रस?" मी त्याला विचारले, "यंत्राने मला बिदूदमध्ये बसविले, तेव्हा मी कोणाला जाब विचारायचा होता?" तो हसला, पण उत्तर त्याने दिले नाही. त्याचे म्हणणे अगदीच खोटे आहे, असे नाही. गावातली शेजारीण यंत्रापेक्षा पुष्कळ अधिक पाहत असे! परंतु शेजारणीला आपण उलट बोलू शकत होतो, आणि तिचेही काही आपल्याला ठाऊक असे.

या प्रश्नाचा विचार आपल्या पूर्वजांनी केला नव्हता, असे समजू नका. मिश्नाच्या 'बाबा बात्रा' या भागात सामाईक अंगणाचे नियम आहेत. शेजाऱ्याच्या दारासमोर आपले दार उघडू नये, खिडकीसमोर खिडकी काढू नये. गेमाराने त्याचा आधार बिलामच्या कथेत शोधला: इस्राएलच्या तंबूंची दारे एकमेकांसमोर नव्हती, हे पाहूनच त्याच्या तोंडून शापाऐवजी आशीर्वाद निघाला. नुसते पाहिल्यानेही शेजाऱ्याचे नुकसान होते, यालाच आपले रब्बी 'हेझेक रेईया' म्हणतात. दुसऱ्याचे काही चोरले नाही, मोडले नाही, केवळ पाहिले, तरी ती हानीच. आणि सुमारे हजार वर्षांपूर्वी माइन्झचे रब्बेनू गेर्शोम यांनी दुसऱ्याचे पत्र त्याच्या अनुमतीवाचून वाचण्यावर बंदी घातली, अशी परंपरा आहे. त्या काळी पत्रे व्यापाऱ्यांच्या हातून जात, उघडणे सोपे असे. म्हणूनच बंदी लागली. जे अवघड असते त्याला बंदी कशाला लागेल?

आपल्या राज्याचे कायदेही या बाबतीत मुके नाहीत. खाजगीपणाच्या संरक्षणाचा कायदा १९८१ चा आहे आणि त्यात अलीकडे मोठी सुधारणा होऊन ती ऑगस्ट २०२५ पासून लागू झाली. १९९२ च्या मानवी प्रतिष्ठेच्या मूलभूत कायद्यात खाजगीपणाचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. रुग्णहक्कांचा कायदा १९९६ चा. तो आला तेव्हा मी वॉर्डात होते, आणि खाटांवरचे तक्ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार नाहीत असे उलटे लटकविण्याचा हुकूम मीच काढला होता. डॉक्टर मंडळी कुरकुरली. पण आठवड्यात सवय झाली.

आता आपले कॅमेरे. दर्शनी दरवाजावरच्या कॅमेऱ्याला माझा होकार आहे. प्रार्थनालयांवर जगभर काय प्रसंग आले आहेत, ते मी सांगावयास नको. दारावर राखणदार असतो, तसा तो डोळा असावा. मात्र 'येथे कॅमेरा आहे' अशी पाटी मोठ्या अक्षरांत, हिब्रूत आणि मराठीतही, लागली पाहिजे. अशी सूचना लावणे नियमानेही आवश्यक आहे. चित्रे किती दिवस ठेवायची आणि केव्हा पुसायची, हे ठरावात लिहिले पाहिजे. ती पाहण्याची किल्ली दोघांकडेच असावी, आणि पाहिली तर कोणी, केव्हा, कशासाठी पाहिली याची वही असावी. अमुक गृहस्थ तेफिल्लाला उशिरा आले, अमक्याची सून कोणाच्या गाडीतून उतरली, हे पाहण्यासाठी तो कॅमेरा नाही. पोलिसांनी चित्रे मागितली तर मागणी लेखी घ्यावी आणि वकिलाला विचारून द्यावी. आढेवेढे घेण्यासाठी मी हे सांगत नाही. काय दिले हे आपल्यालाही ठाऊक असावे, एवढाच हेतू. शब्बाथच्या दिवशी तो चालू ठेवावा की नाही, हा प्रश्न रब्बींचा आहे, त्यात मी पडत नाही.

मागच्या पडवीवरच्या कॅमेऱ्याला मात्र माझा नकार आहे. समितीचे म्हणणे मी ऐकले. पडवीतून दोन गॅसच्या टाक्या गेल्या, एकदा कुलूप तुटले, हे खरे आहे. टाक्यांना साखळी लावा, दिवा लावा, कुलूप चांगले घ्या, त्याचा खर्च मी देते. पण त्या दाराने पेसाहच्या आणि रोश हशानाच्या आधी कोण येते, हे येथील फार थोड्या जणांना माहीत आहे. महिला मंडळातर्फे आम्ही दोघी-तिघी तेथे पिशव्या भरून ठेवतो. तेल, तांदूळ, साखर, कोंबडीची चिठ्ठी. दिवेलागणीनंतर, पुढचे दिवे मालवल्यावर, माणसे येतात आणि पिशवी घेऊन जातात. त्यांतले काही पुढच्या शब्बाथला आपल्या शेजारच्या बाकावर बसतात आणि देणगीचा पुकारा झाला की हातही वर करतात. आम्ही त्यांची यादी ठेवीत नाही. पिशव्या किती गेल्या एवढेच मोजतो.

त्या दारावर डोळा बसविला, तर पुढच्या पेसाहला माझ्या पिशव्या तशाच पडून राहतील. ठराव येत्या मंगळवारी समितीपुढे आहे, सात वाजता. ज्यांना मत द्यायचे आहे त्यांनी यावे. कोणाला प्रश्न विचारायचे असतील तर आता विचारावेत, आणि ज्यांना सर्वांसमोर विचारायचे नसतील, त्यांनी चहाच्या वेळी स्वयंपाकघरात यावे. मी तेथेच आहे.